'स्किन कलर' कुणाच्या स्किनचा? त्वचारंगी खडूंचा डबा, बालवाडीच्या सतरंजीवर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बालवाडीत मुलं चित्र रंगवत असताना पाच मिनिटं कान देऊन उभं राहावं. "ए, स्किन कलर दे ना" हे वाक्य ऐकू येतंच. मागितलेला खडू फिकट गुलाबी-केशरी असतो. डब्यावर त्याचं नाव 'पीच' किंवा आणखी काही छापलेलं असेल, पण मुलांच्या, बाईंच्या आणि स्टेशनरीवाल्याच्याही तोंडी तो 'स्किन कलर'च. मागणाऱ्या मुलाचा हात त्या खडूशेजारी धरला तर दोन्ही रंगांचा काडीचाही संबंध नसतो. मुलाला हे दिसतं, तरी खटकत नाही. चार वर्षांच्या पोराला तोवर एवढं कळलेलं असतं की चित्रातला माणूस वेगळ्या रंगाचा असतो आणि आपण वेगळ्या.

त्या एका खडूच्या जागी चोवीस खडू ठेवणारा डबा म्हणजे क्रेयोलाचा 'कलर्स ऑफ द वर्ल्ड'. ही अमेरिकी कंपनी. तिच्याच डब्यात एके काळी 'फ्लेश' नावाचा खडू होता. १९६२ मध्ये त्याचं नाव बदलून 'पीच' केलं. १९९२ मध्ये त्वचेच्या रंगांचा आठ खडूंचा पहिला संच आला, त्यातले दोन काळा आणि पांढरा, म्हणजे उजळ-गडद करायला. आणि चोवीस छटांचा हा डबा जाहीर झाला मे २०२० मध्ये. छटा ठरवायला सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात मुरलेले व्हिक्टर कसाले यांना बोलावलं होतं, आणि तो हात डब्यात दिसतो. फिक्याकडून गडदकडे जाणारी एकच शिडी इथे नाही. गुलाबी, बदामी आणि सोनेरी झाक असलेली तीन घराणी आहेत आणि प्रत्येकात फिकट ते गडद अशा छटा आहेत. आपल्यासाठी हेच मोलाचं. सारख्याच गडद दोन मुलांपैकी एकाच्या कातडीत पिवळसर झाक असते, दुसऱ्याच्या तांबूस, आणि साध्या डब्यातला एकुलता तपकिरी खडू दोघांनाही लागू पडत नाही. बत्तीस खडूंचा मोठा डबाही मिळतो. त्यात केसांचे चार आणि डोळ्यांचे चार रंग जास्तीचे. आपल्या वर्गाला ते लागत नाहीत. काळा आणि गडद तपकिरी साध्या डब्यातून घ्यावेत.

खडू म्हणून माल चांगला आहे. मेणाचा गुळगुळीत खडू, रंग एकसारखा उतरतो, हाताला फारसा लागत नाही. लांबी जेमतेम नऊ सेंटिमीटर, जाडी पेन्सिलीपेक्षा किंचित जास्त. तीन वर्षांचं मूल तो मुठीत धरून दाबतं आणि दुसऱ्या मिनिटाला त्याचे दोन तुकडे होतात. होऊ द्यावेत. उलट मुद्दाम तीन तुकडे करून ठेवले तर तीन सेंटिमीटरचा तुकडा मुठीत मावतच नाही, बोटं आपोआप पुढे येतात. अडचण वेगळीच आहे: छटेचं नाव कागदी वेष्टनावर इंग्रजी, स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये छापलेलं असतं, आणि वेष्टन गेलं की मधल्या सात-आठ छटा एकमेकींपासून ओळखू येत नाहीत. मेणाचा खडू नुसता बघितला तर नेहमीच गडद दिसतो, कागदावर उतरल्यावर खरा रंग कळतो.

म्हणून डबा मुलांच्या हाती देण्याआधी तासभर बसून नमुने करून ठेवावेत. जाड कार्डशीटचे चार बाय चार सेंटिमीटरचे चोवीस चौकोन कापायचे. प्रत्येकावर एक छटा दोन थरांत भरायची, मागे आकडा टाकायचा आणि तोच आकडा खडूच्या बुडाला सुईने कोरायचा. मग चौकोनाला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडायची, एक दोऱ्यासाठी आणि एक बघण्यासाठी. मशीनची दाढ कागदात सेंटिमीटरभरच जाते, त्यामुळे भोक कडेला पडतं, चालतं. चौकोन हातावर ठेवला की भोकातून कातडी दिसते आणि भोवती खडूचा रंग. जुळला की भोक जवळजवळ नाहीसं होतं. मुलांना यात जादूचा प्रयोग बघितल्यासारखं वाटतं आणि बाईंना 'तुझा रंग हा' असं सांगावंच लागत नाही. चौकोन किल्ल्यांच्या जुडग्यासारखे दोऱ्यात ओवायचे, पण फिकट ते गडद अशा क्रमाने नाही. पत्ते पिसतात तसे पिसून.

जुळवाजुळव खिडकीजवळ, दिवसाउजेडी करावी. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली सगळ्यांचे हात निस्तेज आणि हिरवट दिसतात, पिवळ्या बल्बखाली सोनेरी. हातावर कुठे धरायचं तेही ठरवून घ्यावं. तळवा आणि मनगटाची आतली बाजू सगळ्यांचीच फिकट असते, कोपराचा कोपरा गडद असतो, आणि उन्हात फिरणाऱ्या मुलांचा बाहीबाहेरचा हात एक आणि बाहीआतला दुसराच. दंडाची बाहेरची बाजू बरी. खरं तर एकाच मुलाला दोन-तीन चौकोन जुळू द्यावेत. "माझ्यात तीन रंग आहेत" हे एकदा मुलाला सापडलं की कोण गोरं आणि कोण काळं ही मोजणी तिथेच भुसभुशीत होते. ज्या मुलाच्या अंगावर कोड आहे त्याला तर हा डबा फार कामाचा: दोन छटा उचलायच्या आणि दोन्ही वापरायच्या. मात्र त्याला एकट्याला दोन छटा देऊ नयेत. आधी सगळ्यांना द्याव्यात, मग त्याच्या दोन छटांकडे कुणी वळून बघत नाही.

आता कागद. या डब्याबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ कागदात असतं. पांढऱ्याशुभ्र कागदावर मूल हलक्या हाताने घासतं, मधून कागद डोकावतो आणि गडद छटाही चार घरं उजळ दिसते. म्हणजे चोवीस खडू देऊनही भिंतीवर वीस गोरे चेहरे. इलाज सोपा आहे. वेष्टन काढून खडू आडवा घासायचा, आधी उभा थर आणि मग आडवा. किंवा पांढरा कागद बाजूला ठेवून खाकी पार्सलचा कागद घ्यायचा. खाकीवर मधल्या आणि गडद छटा सुंदर बसतात. फिकट छटा मात्र खडूच्या भुकटीसारख्या वर तरंगतात. वर्तमानपत्री कागद टाळावा, त्यावर सगळंच राखाडी होतं. मेणाचे खडू एकमेकांत नीट मिसळत नाहीत हेही लक्षात असू द्यावं: गडदावर फिकट घासलं तर काहीच होत नाही, फिकटावर गडद घासलं तर थोडे डाग पडतात, पण रंग तरी बसतो. आधी फिकट छटा, वरून गडद, हा एकच क्रम चालतो.

डब्याची खरी कमजोर बाजू नावं. प्रत्येक नाव 'लाइट', 'मीडियम', 'डीप' आणि पुढे झाक अशा ठेवणीचं. कारखान्याला ते सोयीचं असेल, बालवाडीला नाही. 'लाइट' आणि 'डीप' शिकवायचं म्हणजे जी शिडी मोडायला डबा आणला तीच भिंतीला टेकवून ठेवायची. आपल्याकडे तर ती शिडी तयारच आहे: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा. हे शब्द वधूवरसूचक मंडळाच्या फॉर्मवर वाढलेले आहेत आणि त्यांना भाव चिकटलेले आहेत. 'सावळा' हा शब्द विठोबाला लावला की माया होते, मुलीच्या स्थळाला लावला की तडजोड. चार वर्षांच्या मुलाला त्या बाजारात न्यायचं कारण नाही.

नावं मुलांनाच पाडू द्यावीत. नाचणी, खारीक, शेंगदाण्याची साल, भिजलेली वाळू, सागाचं लाकूड, नवं मडकं, चिंच, ओली माती. एक खबरदारी घ्यावी: सगळीच नावं खाण्याची नकोत, नाहीतर वर्गात कुणीतरी 'चॉकलेट' होतं आणि ते चिडवायचं नाव होऊन वर्षभर चिकटतं. लाकूड, माती, धान्य, दगड, पक्ष्यांची पिसं असं मिसळलेलं बरं. बालशिक्षणाचं काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात बिया, शिंपले, पानं हेच शिक्षणाचं साहित्य केलं होतं. रंगांची नावं शोधायला तीच वाट धरावी. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवरच्या पाळणाघरांत मराठवाड्याची, बिहारची, ओडिशाची, कलबुर्गीकडची मुलं एका सतरंजीवर असतात. तिथे एका छटेला तीन भाषांतली तीन नावं येतात. तिन्ही चौकोनाच्या मागे लिहावीत; वाचता येत नसलं तरी आपला शब्द कागदावर उतरला हे मूल बघत असतं.

डबा आणून ठेवला आणि पुढे काहीच बोललं नाही तर पहिल्या आठवड्यात काय होतं? मुलं चोवीसातून सर्वांत फिकट खडू शोधतात आणि त्याच्यावरून भांडतात. यात नवल नाही. १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडून सगळं सारखं असलेल्या बाहुल्या ठेवल्या होत्या. बहुतेकांनी गोरी बाहुली 'चांगली' ठरवली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद रद्द केला, त्या निकालाच्या टिपेत हे काम आलं. आपल्या मुलांना हे कोण शिकवतं ते शोधायला लांब जायला नको. "उन्हात खेळू नको, काळी होशील." "चहा पिऊ नको, काळा होशील." पाळणाघरातल्या मावशी हे प्रेमानेच म्हणतात. म्हणून डबा उघडण्याआधी प्रशिक्षण मुलांचं नाही, मावशींचं आणि बाईंचं हवं, आणि त्याला अर्धा तास पुरतो: ऊन लागेल म्हणून टोपी घाल, झोप येणार नाही म्हणून चहा नको. खरं कारण सांगायचं आणि रंगाला मधून काढायचं.

"स्किन कलर दे" असं ऐकू आलं की एकच प्रश्न विचारावा: "कुणाच्या स्किनचा?" रागावून नाही, खरोखर जाणून घ्यायचंय अशा आवाजात. आठ-दहा दिवसांत मुलं एकमेकांना तोच प्रश्न विचारू लागतात. "काळा रंग घाण असतो" असं कुणी म्हणालं तर गप्प बसवू नये आणि न ऐकल्यासारखंही करू नये. या वयात मुलांना खरंच वाटतं की गडद रंग म्हणजे न धुतलेला हात. पांढरा ओला रुमाल घेऊन बाईंनी स्वतःचा हात पुसून दाखवावा, मग ज्याला हवं त्याने आपला. रुमाल पांढराच राहतो. चिडवलेल्या मुलाचा हात मात्र नमुना म्हणून कधीच पुढे ओढू नये. "ही तुझी त्वचा आहे, तुझ्या घरच्यांकडून आली आहे" एवढं बोलून पुढे जावं. "काळा रंगही छान असतो" यातला 'ही' घात करतो.

सर्वांत मोठा फटका वर्गाबाहेरून येतो. मुलीने आरशात बघून स्वतःचा चेहरा नेमका रंगवला, बाईंनी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि रात्री निरोप: "आमची मुलगी एवढी काळी का दाखवली?" हा प्रसंग येणारच असं धरून चालावं. पालकसभेत आधीच चौकोनांचं जुडगं पालकांच्या हाती द्यावं आणि त्यांनाच स्वतःची छटा शोधू द्यावी. एका घरात तीन छटा निघतात. आई, बाबा आणि आजी एकमेकांच्या हातावर चौकोन ठेवून हसायला लागतात, आणि मग चित्र 'काळं' राहत नाही, 'आजीवर गेलेलं' होतं. फोटो पाठवताना फोनमधलं सुंदर करणारं फिल्टर बंद असल्याची खात्री करावी. ते चेहरा उजळवतं आणि महिनाभराची मेहनत एका टिचकीत पुसतं.

भिंतीवर मांडणी करताना एक चूक हमखास होते. हाताचे ठसे फिकट ते गडद अशा ओळीत लावून वर 'विविधतेत एकता' असं लिहायचं. फोटोत देखणं दिसतं, पण प्रत्येक मूल दुसऱ्याच दिवशी आपला नंबर मोजतं. ठसे पटावरच्या नावांच्या क्रमाने किंवा वाढदिवसाच्या महिन्याने लावावेत.

डबा घेतलाच पाहिजे का? नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. भारतात तो बाहेरून येतो, सगळीकडे मिळत नाही आणि अंगणवाडीच्या खर्चात बसणं कठीण. कोपऱ्यावरच्या दुकानातली पंचवीस रंगांची ऑइल पेस्टलची पेटी घेतली तरी बरंच काम होतं, कारण ऑइल पेस्टल बोटाने घासून मिसळतात. ऑकर म्हणजे मातकट पिवळा खाली, त्यावर तांबूस तपकिरी, मग बोट. कपडे खराब होतात, तेवढं सोसावं.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पोस्टर रंगातून आपली छटा बनवणं हा तयार डब्यापेक्षा सरस उद्योग आहे. वीस मुलांसाठी बर्फाच्या ट्रेमध्ये यलो ऑकर, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), पांढरा आणि किंचित निळा असे रंग काढायचे. प्रत्येक मुलाला बाटलीचं एक झाकण आणि कान साफ करायच्या दोन काड्या. सुरुवात दोन थेंब ऑकर आणि एक थेंब सिएना अशी. गडद करायला अंबर, उजळ करायला आधी आणखी ऑकर आणि मग पांढऱ्याचा जेमतेम ठिपका. इथे दोन गोष्टी बिघडतात. गडद करायला काळा घातला की रंग मेल्यासारखा राखाडी होतो; अंबर आणि निळ्याचा कण घातला तर जिवंत राहतो. आणि उजळ करायला नुसता पांढरा ओतला की गुलाबी खडूच्या भुकटीसारखी छटा येते, म्हणजे फिरून तोच 'स्किन कलर'. पोस्टर रंग वाळल्यावर थोडा बदलतो, त्यामुळे जुळवणी वाळलेल्या ठिपक्यावर करायची.

बाहुल्यांसाठी मैदा, मीठ आणि तेल मळून त्यात हळद, कॉफी किंवा नाचणीचं पीठ घालायची कृती सगळीकडे फिरते. रंग छान येतात. पण ज्या वाडीत मुलं अंगणवाडीतल्या आहाराची वाट बघत बसतात, तिथे पिठाचं खेळणं करून नंतर फेकून दाखवू नये. अनेक घरांत अन्नाशी खेळणं हेच मुळात चुकीचं मानतात. कुंभाराची माती, शाडू आणि गेरू यांत तीन-चार छटा फुकटात मिळतात. उजळ करायला चुना मात्र कधीही घालू नये, हात भाजतात.

आणि हा सगळा खटाटोप करणाऱ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात 'आदिवासी नृत्य' म्हणून मुलांची तोंडं काळी रंगवून कमरेला पानं बांधली, तर डबा कपाटात ठेवून दिलेला बरा. पालघर-डहाणूकडच्या एखाद्या वारली आजोबांना बोलावून तारपा हे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य ऐकावं, त्यांच्या कपड्यांकडे नीट बघावं. काळा रंग आणि पानं कुठेच दिसणार नाहीत. परी गोरी आणि राक्षस काळा ही वाटणीही तपासावी. भूमिका चिठ्ठ्या टाकून द्याव्यात.

खरेदीचा हिशोब सांगायचा तर सहा मुलांमागे एक डबा पुरतो. आपल्या वर्गात सोनेरी आणि बदामी घराण्यांच्या मधल्या व गडद छटा आधी झिजतात, गुलाबीतल्या अगदी फिकट छटा वर्षअखेरीस नव्यासारख्या उरतात. त्या काढून टाकू नयेत. जुळणारं मूल वर्गात असू शकतं, आणि नसलं तरी चित्रातल्या पाहुण्याला लागतात. खडूला पाचपैकी चार, नावांना दोन. लहान हातांना पेन्सिली नकोत, मात्र सहा वर्षांपुढच्यांना फाबर-कास्टेलच्या दोन्ही टोकांना वेगवेगळा त्वचारंग असलेल्या पेन्सिली चालतात. पत्र्याच्या छपराखाली भरणारा वर्ग असेल तर एप्रिल-मेमध्ये डबा माठाशेजारी, जमिनीलगत ठेवावा. वरच्या फळीवर खडू मऊ पडून एकमेकांना चिकटतात, आणि सुटे करताना आधी वेष्टनं निघून येतात.